अलास्का: नऊ दिवस, साबा-साबु आणि शंभर शंका

तिखटमीठ | २ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही सिअॅटलजवळ राहतो. मे महिन्यात साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) सांगलीहून येताहेत. साबु ७२ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. तब्येत ठणठणीत, फक्त कान थोडे कमी. साबा ६६ च्या, गुडघे कुरकुरतात, शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मागच्या खेपेला त्यांना लास व्हेगस दाखवलं तर साबु म्हणाले, "बरं आहे, पण ही सगळी माणसांची करणी." म्हणून या वेळी अलास्का.

२० ते २८ जून, असे नऊ दिवस हातात आहेत. नवऱ्याने बेत आखलाय तो असा: आधी विमानाने जुनो, तिथून अँकरेज, मग सुअर्ड, डेनाली, फेअरबँक्स, एक दिवस आर्क्टिक सर्कल, एक दिवस ती अस्वलं मासे पकडतात तो धबधबा, आणि जमल्यास नॉर्दर्न लाइट्स. नकाशावर सगळं वीतभर अंतरावर दिसतंय. जमेल ना?

क्रूझ बरी की गाडी? जेवणाचं काय? कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलंय का?

---

झिपऱ्या | २ फेब्रुवारी, रात्री १०:०५

जमेल की. फक्त साबा-साबुंना विमानातून खाली उतरू देऊ नका.

---

उत्तरेकडचा | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

तिखटमीठ, मी अकरा वर्षं अँकरेजला आहे, त्यामुळे जरा स्पष्टच लिहितो. राग नसावा.

नकाशावर अलास्का नेहमी कोपऱ्यातल्या चौकटीत लहान करून काढलेलं असतं, तिथेच सगळे फसतात. आपले पाच महाराष्ट्र त्यात मावतात आणि वर जागा उरते. एवढ्या प्रदेशात माणसं सव्वासात लाखांच्या आसपास, त्यातली तीन लाखांच्या जवळपास एकट्या अँकरेजमध्ये. बाकी सगळं रान. रस्ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता एकेक घेऊ.

नॉर्दर्न लाइट्स: जूनमध्ये विसरा. दिसायला आधी रात्र तर हवी! फेअरबँक्सला २१ जूनला जवळजवळ बावीस तास सूर्य वर असतो, उरलेले दोन तास संधिप्रकाश. आकाश काळं व्हायला लागतं ते ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात.

जुनो: राज्याची राजधानी, पण तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही. विमान नाहीतर बोट. मेंडेनहॉल हिमनदी आणि देवमासे सुंदर आहेत, वादच नाही. पण ते क्रूझवाल्यांचं गाव. तुमच्या बेतात ते वाट वाकडी करून घालावं लागतंय. काढून टाका.

आर्क्टिक सर्कल: फेअरबँक्सहून डाल्टन हायवेने. हा रस्ता तेलक्षेत्राकडे सामान नेणाऱ्या ट्रकांसाठी बांधलेला, बराचसा खडीचा. भाड्याच्या बहुतेक गाड्यांना तिथे न्यायची परवानगीच नसते. टूरच्या व्हॅनने जाऊन-येऊन पंधरा-सोळा तास लागतात आणि शेवटी दिसते ती एक पाटी. साबांच्या गुडघ्यांना विचारा.

अस्वलांचा धबधबा: म्हणजे कॅटमाईतला ब्रुक्स फॉल्स. तिथेही रस्ता नाही, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने जायचं. माणशी खर्च ऐकून साबु सांगलीला परत जातील. शिवाय मासे उड्या मारतात ते जुलैमध्ये.

उरलं ते अँकरेज, समुद्रातल्या हिमनद्या, डेनाली, फेअरबँक्स. नऊ दिवसांना हेच भरपूर झालं.

---

तिखटमीठ | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

राग कसला, उलट दंडवत! नवऱ्याला वाचायला दिलं. तो "हम्म" म्हणाला. म्हणजे पटलंय.

---

मुशाफिर६१ | ३ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

आम्ही उभयतांनी क्रूझ केली आहे व ज्येष्ठांसाठी तीच उत्तम, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा बॅग उघडली की आठ दिवस बघायला नको. केचिकनचे टोटेम खांब, स्कॅगवेची सोन्याच्या शोधाच्या काळातली रेल्वे, ग्लेशियर बे, सर्व काही बसल्या जागी. जेवणात विनंती केल्यास वरणभातसुद्धा मिळाला. तुमच्या सिअॅटलहूनच सुटते. उगाच धावपळ कशाला?

---

चांदणचुरा | ३ फेब्रुवारी, दुपारी १:०२

काकांचं बरोबर आहे, पण तिखटमीठ, थांब! सिअॅटलहून सुटणारी क्रूझसुद्धा वाटेत कॅनडात थांबते, बहुधा व्हिक्टोरियाला. परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेतून निघून मधे कुठल्याच परदेशी बंदराला न लागता पुन्हा तिथेच परतता येत नाही, असा जुना कायदा आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्या साबा-साबुंना कॅनडाचा व्हिसा लागेल. तुम्ही एच-१ वर (नोकरीच्या व्हिसावर) असाल तर तुम्हालाही. ग्रीन कार्ड असेल तर व्हिसाची गरज नाही. शिवाय साबा-साबुंचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, तेही बघून घे.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला हे बंदरावर रांगेत उभं राहिल्यावर कळलं. बॅगांसकट घरी परत.

विमानाने सरळ अँकरेजला गेलात तर हा प्रश्नच नाही, देशातल्या देशातला प्रवास. तरी त्यांचे मूळ पासपोर्ट बरोबर ठेव, त्यांच्याकडे ओळखपत्र म्हणून दुसरं काही नसतं.

---

तिखटमीठ | ३ फेब्रुवारी, रात्री ८:१५

बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं! आम्ही एच-१ वरच आहोत. क्रूझ रद्द. धन्यवाद गं चांदणचुरा.

मुशाफिरकाका, पुढच्या वेळी नक्की. तसंही साबु आठ दिवस एका जागी बसणारे नाहीत. ते आताच विचारताहेत, अलास्कात ती तेलाची पाइपलाइन आहे ती बघता येईल का. व्हिडिओ कॉलवर अर्धा तास तोच विषय.

---

रानवाटा | ४ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

या धाग्यावर सगळे अलास्काचं महाबळेश्वर करायला निघालेत. अरे, एक तरी दिवस डांबरी सोडा! मी मॅकार्थीला गेलो होतो, साठ मैल खडीचा रस्ता, शेवटी केनिकॉटची १९३८ मध्ये बंद पडलेली तांब्याची खाण. डोंगरउतारावर लाल लाकडी चौदा मजली गिरणी तशीच उभी आहे, समोर हिमनदी. दोन दिवसांत फोनला रेंज नाही. याला म्हणतात अलास्का.

---

उत्तरेकडचा | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:००

रानवाटा, जागा अप्रतिमच आहे. पण त्या रस्त्यावर माझी दोन टायर गेली होती. सासू मागच्या सीटवर असताना तिसरं जावं अशी इच्छा नाही.

---

गुळांबा | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:३१

उत्तरेकडचा, टायर बदलताना सासूबाई काय म्हणाल्या असत्या त्यावर वेगळा धागा काढा, प्लीज.

---

उत्तरेकडचा | ५ फेब्रुवारी, रात्री ९:५०

आता कामाचं लिहितो. तिखटमीठ, मी असं करीन.

पहिले तीन दिवस अँकरेजला मुक्काम. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. गाडी तीनच दिवस भाड्याने घ्या, ती आजच बुक करा. उन्हाळ्यात गाड्या कमी, गिऱ्हाइकं जास्त, आणि एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायचे वेगळे पैसे लावतात. म्हणून गाडी अँकरेजलाच परत करायची आणि पुढे ट्रेन. डेनाली स्टार सकाळी अँकरेजहून सुटते, दुपारी उशिरा डेनाली, रात्री आठच्या सुमारास फेअरबँक्स. काचेच्या छताचा डबा महाग आहे, पण साबांना गुडघे पसरून बसता येईल. डेनालीला दोन रात्री, मग पुढच्या ट्रेनने फेअरबँक्स, आणि परतीचं विमान तिथूनच सिअॅटलला. उलट अँकरेजला येऊ नका, तिथे अख्खा दिवस वाया जातो. एक दिवस मोकळा ठेवा, पावसाला लागतो.

डेनाली पार्कात स्वतःची गाडी पंधराव्या मैलापर्यंतच नेता येते, पुढे पार्कच्या बसने. रस्ता मुळात ९२ मैलांचा, पण २०२१ मध्ये डोंगर खचल्यापासून ४३ व्या मैलापाशी बंद आहे. तिथे पुलाचं काम चालू आहे. निघण्याआधी पार्कच्या साइटवर ताजी परिस्थिती बघा. बसची फेरी पाच-साडेपाच तासांची, वाटेत स्वच्छतागृहं आहेत. अस्वल, मूस, कॅरिबू, पांढऱ्या मेंढ्या दिसतात. लांडगा दिसला तर लॉटरीचं तिकीट काढा.

आणि एक आधीच सांगून ठेवतो, डेनाली शिखर दिसेलच असं नाही. २०,३१० फुटांचा डोंगर स्वतःचे ढग स्वतः बनवतो. आलेल्यांपैकी तिघांत एकालाच दिसतो असं इथे म्हणतात. साबुंना आधी कल्पना द्या.

---

चांदणचुरा | ५ फेब्रुवारी, रात्री १०:२२

हिमनद्यांची बोट सुअर्डहून घ्या! केनाई फ्योर्ड्स! आम्हाला ओर्का दिसले, पफिन दिसले, आयालिक हिमनदीचा बिल्डिंगएवढा तुकडा पाण्यात कोसळताना पाहिला. आधी कोसळताना दिसतो, आवाज मागून येतो, तोफ उडाल्यासारखा.

---

गुळांबा | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:१२

चांदणचुरा, त्यातला मधला भाग सांगितला नाहीस. ती बोट काही वेळ उघड्या समुद्रातून जाते. माझ्या आईने सहा तासांपैकी चार तास पिशवीत तोंड घालून काढले. पफिन कुठे, ओर्का कुठे! वयस्कर माणसं असतील तर व्हिटियरहून जा. प्रिन्स विल्यम साउंड चहूबाजूंनी बंदिस्त आहे, पाणी तळ्यासारखं. देवमासे कमी, हिमनद्या जास्त.

---

चांदणचुरा | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

हं, हे खरं आहे. मी सकाळी मळमळीची गोळी घेतली होती, ते लिहायचं राहिलं. साबांसाठी व्हिटियर. पण मला विचाराल तर सुअर्डची सर त्याला नाही!

---

उत्तरेकडचा | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

व्हिटियरला जाताना घड्याळाकडे लक्ष ठेवा. गावात शिरायला अडीच मैलांचा एकच बोगदा, एकच लेन, आणि त्याच लेनमधून रेल्वेही जाते. तिकडे जाणाऱ्या गाड्या दर तासाला साडेच्या ठोक्याला सोडतात, परत येणाऱ्या दर तासाच्या ठोक्याला. पाच मिनिटं उशीर म्हणजे तासभर बाहेर. गाव मजेशीर आहे, बहुतेक सगळी माणसं एकाच चौदा मजली इमारतीत राहतात.

---

झिपऱ्या | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

अख्ख्या गावाची एकच हाउसिंग सोसायटी? तिथल्या सेक्रेटरीला माझा साष्टांग नमस्कार.

---

तिखटमीठ | १४ फेब्रुवारी, रात्री ११:००

बुकिंग झालं! अँकरेज, व्हिटियरची बोट, ट्रेन, पार्काच्या बाहेर हीलीमध्ये ओटा-शेगडीवाली केबिन, मग फेअरबँक्स.

आता जेवण. साबा सांगलीहून छोटा कुकर, मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि चार डबे हिंग आणताहेत. अस्वलाला हिंगाचा वास येतो का हो? (खरंच विचारतेय.)

आणि एक नाजूक प्रश्न. साबा तिन्हीसांजेला दिवा लावतात. तिथे तिन्हीसांजा कधी धरायची? शिवाय २५ जूनला संकष्टी आहे, आणि तीही अंगारकी. चंद्रोदय झाल्याशिवाय त्या जेवत नाहीत.

---

उत्तरेकडचा | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

अस्वलाला सगळ्याचाच वास येतो. हिंग, टूथपेस्ट, चॉकलेटचा रिकामा कागदसुद्धा. गाडीत खाणं ठेवून जायचं नाही, कचरा झाकणाला कडी असलेल्या पेटीतच टाकायचा. अस्वलाचा स्प्रे विमानात नेता येत नाही, हवा तर इथे येऊन घ्या. बसने फिरणार असाल तर गरज नाही. आणि अस्वल दिसलं तर पळायचं नाही, मूस अंगावर आला तर मात्र खुशाल पळायचं, झाडाआड व्हायचं. अँकरेजच्या गल्ल्यांत मूसच जास्त भेटतात. माझ्या अंगणातली कोबी दर वर्षी तेच खातात.

खरा त्रास डासांचा. पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्यावरून घ्यायची जाळी, आणि झोपताना डोळ्यांवर पट्टी.

---

मुशाफिर६१ | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

संकष्टीबाबत: उन्हाळ्यात त्या अक्षांशावर पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र क्षितिजालगतच राहतो. उगवणार मध्यरात्रीनंतर, तोही डोंगराआड. उजेडात दिसणे कठीण. वहिनींचा उपास दुसऱ्या दिवशी सुटायचा.

---

गुळांबा | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:४४

सोप्पं आहे. घरचा देव सांगलीला, तर चंद्रोदयही सांगलीचा धरा. पंचांग तिथलंच असेल ना त्यांच्याकडे?

---

झिपऱ्या | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:५०

गुळांबा यांना शास्त्रार्थाचं पीठ देण्यात यावं.

---

तिखटमीठ | ७ जुलै, रात्री १०:३०

आलो! आल्याआल्या लिहायचं होतं, पण साबा-साबु असताना लॅपटॉप उघडायला मिळत नाही. मोठा प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या.

अँकरेज गाव म्हणून दिसायला साधंच, पण रस्त्याच्या टोकाला कुठेही बघा, बर्फाचे डोंगर. गावाच्या मधोमध ओढ्यात लोक कमरेइतक्या पाण्यात उभे राहून रावसाएवढे सामन मासे धरत होते. साबांनी तोंड फिरवलं, पण दहा मिनिटं तिथून हलल्याही नाहीत. त्याच संध्याकाळी (संध्याकाळ कसली, लख्ख ऊन) अर्थक्वेक पार्कला गेलो. २७ मार्च १९६४ ला इथे ९.२ चा भूकंप झाला होता, आणि किनाऱ्यावरची घरंच्या घरं जमिनीसकट खाडीकडे सरकली. आता तिथे झाडं वाढलीत, पण जमीन अजून लाटांसारखी वरखाली आहे. आम्ही पाट्या वाचत होतो, साबु गप्प. मग म्हणाले, "आमच्याकडे पहाटे झाला होता." कोयनेचा, डिसेंबर १९६७ चा. ते तेव्हा पाटणला मामाकडे शाळेत होते. मामींनी पाळण्यातलं पोर समजून उशी उचलून बाहेर पळ काढला, मग परत आत गेल्या. पोर वाचलं. नवऱ्याने ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. पन्नासएक वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.

व्हिटियरच्या दिवशी वाटेत खाडीच्या कडेला पांढरे बेलुगा देवमासे दिसतात म्हणून थांबलो. बेलुगा दिसले नाहीत, बोगदा मात्र दोन मिनिटांनी हुकला. उत्तरेकडचा, तुम्ही सांगून ठेवलं होतंत, माहीत आहे! पुढच्या खेपेत आत गेलो आणि धावत बोट गाठली. साबा धावल्या हो. गुडघ्यांचं काय झालं विचारलं तर म्हणतात, तिकिटाचे पैसे आठवले. पाणी खरंच तळ्यासारखं होतं. गुळांबा, तुला आलेपाकाची वडी पोचती.

पार्कच्या बसमधून लांबवर एक अस्वल आणि तिची दोन पिल्लं दिसली, कॅरिबू तर अगदी बसला घासून गेले. डेनाली? ढग. पूर्ण ढग. ट्रेनमधून ढग, बसमधून ढग, हीलीच्या केबिनमधूनही ढग. साबु म्हणाले, पंढरपूरला जाऊन नुसतं कळसाचं दर्शन होतं तसं. साबा म्हणाल्या, कळस तरी कुठे दिसला?

फेअरबँक्सला साबुंची पाइपलाइन. गावाबाहेर फॉक्सजवळ अगदी रस्त्याला लागून आहे, हात लावता येतो. पाच मिनिटांची जागा, आम्ही दीड तास होतो. ८०० मैल लांब, ४८ इंच व्यास, आणि निम्म्याहून जास्त जमिनीच्या वर खांबांवर. कारण खाली जमीन कायमची गोठलेली, आणि आतलं तेल गरम. पुरली तर जमीन वितळून पाइप खचेल. एवढं मलाही पाटीवरून कळलं. पण खांबांच्या डोक्यावर पंखे कसले, ते साबुंनी सांगितलं. खांबांत नळ्या आहेत, त्यांत अमोनिया. हिवाळ्यात तो जमिनीतली उष्णता वर आणून हवेत सोडतो, म्हणजे खांबाखालची जमीन गोठलेलीच राहते. ना मोटर, ना वीज. पाइप नागमोडी का, तर तापून लांबला किंवा जमीन हलली तरी सरकायला वाव. २००२ मध्ये ७.९ चा भूकंप बरोबर त्या रेषेत झाला आणि पाइप फुटला नाही. साबु त्या खांबावर हात ठेवून असे उभे होते जसे काही स्वतःच बांधलाय. "माणसांची करणी" म्हणून व्हेगसला नाकं मुरडणारे हेच ते, मी आठवण करून दिली. त्यांना ऐकू आलं नाही. सोयीचं तेवढं ऐकू येत नाही, असं साबांचं मत.

दिवा साबांनी घड्याळाप्रमाणे सातला लावला, पडदे ओढून.

झोपेचे मात्र हाल. रात्री बारा वाजता समोरच्या घरातला माणूस लॉन कापत होता.

---

चांदणचुरा | ७ जुलै, रात्री १०:५५

मामींचं वाचून काटा आला. फोटो टाक ना! आणि डेनाली शेवटपर्यंत नाहीच?

---

तिखटमीठ | ७ जुलै, रात्री ११:१०

अगं, दिसला! परतीच्या विमानात. फेअरबँक्सहून वर आलो, ढगांच्या सपाट गादीतून उजवीकडे लांब एकटाच पांढराशुभ्र वर आलेला. साबु खिडकीशी होते, झोपले होते. साबांनी पलीकडून वाकून त्यांना इतक्या जोरात चिमटा काढला की एअर होस्टेस धावत आली.

फोटो उद्या.

---

मुशाफिर६१ | ८ जुलै, सकाळी ६:२०

वृत्तांत आवडला. संकष्टीचे काय झाले ते लिहायचे राहिले आहे.

---

तिखटमीठ | ८ जुलै, सकाळी ८:०५

काका, गुळांबाचा निर्णय मान्य झाला. सांगलीचा चंद्रोदय रात्री सव्वादहाच्या सुमारास. अलास्का साडेतेरा तास मागे, म्हणजे आमच्याकडे सकाळचे पावणेनऊ. साबा सहाला उठल्या, अंघोळ केली, केबिनमध्ये कुकर लावला, नणंदेने सांगलीतल्या गच्चीवरून व्हिडिओ कॉलवर चंद्र दाखवला, आणि पावणेनऊला आम्ही सगळे वरणभात-तूप खाऊन मोकळे. जेमतेम पावणेतीन तासांची अंगारकी.

परत आल्यापासून विचारताहेत, पुढची संकष्टी कधी आहे आणि तिकडे जायचं विमान कितीला पडतं.